सर्व मामा बारा पॉइंट

सुरत शहरात खरा न्याय करणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा साडू आहे. हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. आता हा न्याय पर्वत पाटियाजवळच्या दहा बाय बाराच्या एका गाळ्याबाहेर कधी पडला नाही, तो मिळवायला गिऱ्हाइकाला दाराशी ठेवलेल्या बाकावर दोन-दोन तास बसावं लागे, आणि तो फक्त अक्षरांच्या वाट्याला येई, गिऱ्हाइकाच्या नाही. एवढं सोडलं तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. नव्वदीनंतरची ती वर्षं. ज्याच्याकडे चार भिंती होत्या तो त्यात लूम टाकत होता आणि ज्याच्याकडे तीनच होत्या तो कॉम्प्युटर घेऊन डीटीपीचं दुकान काढत होता. साडूभाऊंचं दुकान या दुसऱ्या जातीचं. साड्यांची लेबलं, व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं आणि सुरतेतल्या खानदेशी माणसांच्या लग्नपत्रिका तिथे तयार होत. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी टाइपसेटिंग करून मिळेल'. त्याखाली बारीक अक्षरात, 'मनमानी चालणार नाही'. कोणाची, ते लिहिलेलं नव्हतं.

साडूभाऊ मूळचे अमळनेरकडचे. तिथल्या एका छापखान्यात त्यांनी तरुणपणी शिशाचे खिळे जुळवले होते, म्हणजे एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ बांधली होती. ओळीतला एक खिळा वर आला की शेजारची सगळी अक्षरं पुसट उठतात, असं तिथल्या मालकाने त्यांना शिकवलं होतं. साडूभाऊंनी हे छपाईचं तंत्र म्हणून ऐकलं आणि आयुष्याचं तत्त्वज्ञान म्हणून सुरतेला आणलं. पुढे कॉम्प्युटर आला, पान लावायचं सॉफ्टवेअर आलं, आणि त्यात त्यांना 'स्टाईल' नावाची सोय सापडली. स्टाईल म्हणजे काय हे त्यांनी मला किमान चाळीस वेळा समजावून सांगितलं आहे. त्यातल्या एकाही वेळी मी विचारलेलं नव्हतं. मजकुराच्या प्रत्येक जातीचा एक साचा ठरवून ठेवायचा. मथळा केवढा, उपमथळा केवढा, किती ठळक, किती अंतरावर, हे एकदाच सांगायचं आणि त्या साच्याला नाव द्यायचं. मग तसा मजकूर येईल तिथे एक बटण दाबलं की झालं. साचा एकदा बदलला की शंभर ठिकाणचे शंभर मथळे आपोआप बदलतात. यात वाईट काही नाही. पण कोणी साच्याला बगल देऊन एखादाच शब्द हाताने मोठा केला, तर स्टाईलच्या नावापुढे पडद्यावर एक अधिकचं चिन्ह उमटतं. दुसऱ्या एखाद्या ऑपरेटरला ते दिसतसुद्धा नाही. साडूभाऊंना ते ताटातल्या केसासारखं दिसे.

"हे बघा गुरुजी," ते मला म्हणत, कारण मी मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, "हे अधिक म्हणजे वशिला. रांगेतून एक जण पुढं घुसला."

माऊसवर तर त्यांचा खुनशी राग होता. तो त्यांनी टेबलाच्या खणात घालून खणाला कुलूप लावलं होतं. सगळं काम कीबोर्डावर. कुठली दोन बटणं एका वेळी दाबली की काय होतं याचे दीडेकशे मंत्र त्यांना पाठ होते आणि त्यांचा डावा हात त्याच आकारात घट्ट झाला होता. वरणात पोळी बुडवतानासुद्धा करंगळी लांब उभी. शेजारी लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं, खातं होतं. तिथले सगळे माग, त्यांना तिकडे सांचे म्हणतात, एकदम सुरू झाले की विजेचा दाब पडे आणि कॉम्प्युटर डोळे मिटे. म्हणून दर दोन मिनिटांनी फाइल जपून ठेवायची दोन बटणं दाबायची सवय त्यांना लागली आणि ती दुकानाबाहेरही सुटली नाही. कोणी कामाचं वाक्य बोललं की त्यांची दोन बोटं जिथे असतील तिथे टपकन दाबली जात. त्यांच्या मुलीच्या सुपारीच्या बैठकीत व्याही "पसंत आहे" म्हणाले, तेव्हा साडूभाऊंनी सतरंजीवर बोटं दाबली. व्याह्यांना वाटलं, मुंगी मारली.

मला स्वतःला या न्यायाचा प्रसाद मिळालेला आहे. आमच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर मी शाळेतल्या कॉम्प्युटरवर स्वतः टाइप केला. महिनाभर. मग फ्लॉपी खिशात घालून मोठ्या अभिमानाने बमरोलीहून पर्वत पाटियाला गेलो. साडूभाऊंनी फ्लॉपी उघडली, दोन बटणं दाबली आणि पडद्यावर माझ्या मजकुरात सगळीकडे ठिपके उमटले. मी जिथे जिथे मोकळी जागा सोडली होती तिथे तिथे एकेक ठिपका. मथळे मधोमध यावेत म्हणून मी स्पेसचं बटण दाबदाबून जे साधलं होतं, ते आता मथळ्याआधीच्या मुंग्यांच्या रांगेसारखं दिसत होतं.

साडूभाऊंचा आवाज चढला. त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाशी ते गुजराती बोलत, माझ्याशी मराठी, आणि खरा संताप आला की अहिराणी.

"कोनी सांगं तुमले स्पेस मारी मारी मथळा मझार आनाले?"

"मधोमध आला ना पण?" मी म्हणालो.

"आला. पांगळा आला. कुबड्या घेऊन आला."

बावीस वर्षं मी या भाषेत मुलांना नापास करतो आहे. त्या माणसाने मला खुर्चीवर बसवलं आणि सगळे जादा ठिपके स्वतःच्या हाताने पुसायला लावले. अध्यक्षीय मनोगतात एकशे चौदा निघाले. ते अध्यक्षांच्या विचारांपेक्षा जास्त होते हे मला मान्य आहे, पण म्हणून चारचौघांत? बाकावर एक साडीवाला शेठ बसला होता. तो सहानुभूतीने म्हणाला, "मास्तर, मने पण काले आवुंज कर्युं हतुं." कालच त्याचंही असंच केलं होतं म्हणे. मला त्या सहानुभूतीचा जास्त राग आला.

पण साडूभाऊंचा न्याय खरा पाहायचा तर लग्नपत्रिकेत. आमच्याकडे पत्रिका ही काही लग्नाची तारीख कळवायला छापत नाहीत. तारीख फोनवर कळते. पत्रिका छापतात ती घराण्यातल्या माणसांची उंची ठरवायला. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणापुढे सरपंच, कोणापुढे माजी सरपंच, आणि कोण नुसताच 'समस्त परिवार' मध्ये गेला, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. साडूभाऊंनी यावर तोडगा काढला होता. त्यांनी नात्यांच्या स्टाईली केल्या होत्या. काका नावाची स्टाईल, मामा नावाची स्टाईल, आत्या, मावशी, आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांसाठी चिवचिव नावाची एक. सर्व मामा बारा पॉइंट, म्हणजे अक्षराचं माप एकच. मामा आमदार असो की हमाल. एकदा कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यातला एक मुकादम हटून बसला, की माझ्या थोरल्या मामाचं नाव मोठं करा. साडूभाऊ म्हणाले, "करतो की." आणि त्यांनी मामा नावाची स्टाईलच मोठी केली. अकराच्या अकरा मामा एका दणक्यात फुगले, काका आणि आत्या पाठच्या पानावर गेल्या आणि वधूवरांना जागा उरली नाही. मुकादम पडद्याकडे बघत राहिला. "आता?" साडूभाऊंनी विचारलं. तो म्हणाला, "राहू द्या भाऊ, होते तसे करा." मी बाकावर बसून हे पाहिलं आहे आणि मनात म्हटलं आहे, की या माणसाच्या स्वतःच्या घरात लग्न निघेल तेव्हा बघू.

निघालं. मुलीचंच. घरी तिला बेबी म्हणत. बेबी दुकानात वडिलांशेजारी बसून काम करी आणि बोटांनी त्यांच्यापेक्षा वेगवान होती. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघेही बोलत नसत. मुलगा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, माणसं धुळ्याकडची, सोयरीक चांगली. मध्यस्थ मी. पत्रिका अर्थातच घरच्या दुकानात. साडूभाऊंनी आठ दिवस खपून ती लावली. मी पाहिली तेव्हा मलाही बरं वाटलं. कुठे कोणी उडी मारत नव्हतं. सगळ्यात खाली एक ओळ होती, 'कृपया आहेर आणू नये', आणि त्या ओळीसाठी त्यांनी वेगळी स्टाईल केली होती, मामांपेक्षाही ठळक. म्हणाले, "लूमवरची माणसं आहेराच्या धाकानं लग्नाला येत नाहीत गुरुजी. आजारी आहे म्हणून कळवतात. ह्यांनी नुसतं येऊन जेवलं पाहिजे."

मग धुळ्याहून व्याह्यांचा फोन आला. मध्यस्थाला.

"गुरुजी, आमचं काही नाही हो," ते म्हणाले. या वाक्यानंतर नेहमी बरंच काही असतं. "पण मुलाचे मोठे मामा विकास सोसायटीचे चेअरमन आहेत. सोयरीक त्यांनी उभं राहून जुळवली. त्यांचं नाव उठून दिसायला पाहिजे. डबल."

"डबल म्हणजे?"

"म्हणजे लांबून वाचता आलं पाहिजे. नाहीतर ते म्हणतात, मी येतच नाही. अन् मामाच नाही आला तर मंगलाष्टकाला पोराच्या पाठीशी उभं कोण राहील? मग आम्हाला सगळ्याचाच विचार करावा लागेल."

सगळ्याचाच विचार म्हणजे काय, ते समजायला मराठीचा शिक्षक असायची गरज नाही. मी तसाच पर्वत पाटियाला गेलो आणि सांगितलं. साडूभाऊंनी आधी शांतपणे तडजोड सुचवली, की मुलाकडचे चारही मामा मोठे करतो. मी शेजारच्या बूथवरून पुन्हा फोन लावला. व्याही म्हणाले, "चारही मोठे, तर मग मोठं कोण?"

हे ऐकून साडूभाऊ जे उसळले, ते अर्धा तास खाली बसले नाहीत. त्यातलं निम्मं अहिराणीत होतं आणि उरलेलं लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना म्हणालो, की साडूभाऊ, चार अक्षरांची गोष्ट आहे, पोरीचं लग्न आहे, कसली तत्त्वं घेऊन बसलात. खरं सांगायचं तर मीही चिडलो होतो. माणसाने किती ताणावं? मध्यस्थ म्हणून उद्या धुळेकर माझ्या नावाने बोटं मोडणार होते.

तेव्हा त्यांनी पडद्यावर एका नावाशी कर्सर नेऊन ठेवला. ते मुलीच्या मामाचं नाव होतं. म्हणजे आमच्या दोघांच्या बायकांचा भाऊ, माझाही मेहुणा. बमरोलीच्या एका खात्यात तो सांचे चालवतो. बारा तास उभा. कानांनी कमी ऐकतो, कारण तिथे उभं राहिल्यावर कोणीही कमीच ऐकेल.

"हाही मामाच ना?" साडूभाऊ म्हणाले. "बेबी लहान असताना हिला टायफॉइड झाला, तेव्हा हा कामावरून सुटून थेट दवाखान्यात उभा राहायचा. त्याचं नाव बारात, आणि शेजारी तो चेअरमन चोवीसमध्ये. त्यानं पत्रिका हातात घेतली की काय वाचायचं?"

इतकी वर्षं मी जिला खूळ समजत होतो ती गोष्ट काय होती, ते मला त्या बाकावर बसून पहिल्यांदा कळलं, आणि ही कळायची वेळ फार गैरसोयीची होती. धुळेकरांनी दोन दिवसांची मुदत दिली होती. साडूभाऊंनी दोन्ही दिवस दुसरं काम घेतलं नाही. नुसते ती पत्रिका उघडून बसत आणि दर दोन मिनिटांनी जपून ठेवत, जणू तिला कोणी न्यायला येणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोंड उघडलं ते बेबीने. मी तिथे होतो. ती साड्यांची लेबलं लावत होती. पडद्यावरून नजर न काढता म्हणाली,

"पप्पा, मन्हं लगीन मामासंगे नही शे."

साडूभाऊंनी दोन बटणं दाबून पत्रिका पुन्हा जपून ठेवली.

"करी टाका मोठं," ती म्हणाली. "आपला मामा नाही रागावणार. मी विचारलं त्याला. तो म्हणाला, मी पत्रिका घरी नेणार नाही, लग्नालाच जाणार."

"तूच कर," साडूभाऊ म्हणाले.

"माझ्या लग्नाची पत्रिका मी करू? तुम्ही करा."

साडूभाऊंनी खणाचं कुलूप काढलं. माऊस बाहेर काढला, सदऱ्याने पुसला, टेबलावर ठेवला. कीबोर्डावर हे काम त्यांना दोन सेकंदांत जमलं असतं, पण ते त्यांनी कीबोर्डाला करायला लावलं नाही. पहिल्यांदाच गाडी शिकणाऱ्या माणसासारखा तो बाण ओढत त्यांनी चेअरमनसाहेबांचं नाव धरलं आणि दुप्पट केलं. मामा या स्टाईलपुढे अधिकचं चिन्ह उमटलं. ते खुर्ची मागे सारून उठले आणि म्हणाले, "गुरुजी, प्रूफ तुम्ही वाचा. मला ते पान बघवत नाही." आणि बाहेर जाऊन बाकावर बसले, गिऱ्हाइकासारखे.

मी प्रूफ पडद्यावरच वाचलं. ऱ्हस्वदीर्घ पाहिलं, 'आशीर्वाद' मधला शी दीर्घ आहे का ते दोनदा पाहिलं. एकही चूक नव्हती. पाचशे पत्रिका छापून आल्या, कुंकू लावून वाटल्याही गेल्या, आणि मग साडूभाऊंनी आठ दिवसांनी पहिल्यांदा एक हातात घेतली. चेअरमनसाहेबांचं नाव, पदासकट, मोठं केल्यावर एका ओळीत मावलं नव्हतं. ते दुसऱ्या ओळीवर गेलं होतं. त्यामुळे खालचा सगळा मजकूर एकेक ओळ सरकला होता आणि तळाची शेवटची ओळ चौकटीतून बाहेर पडली होती. असं झालं की चौकटीखाली एक लहानसं लाल चिन्ह दिसतं. ते चिन्ह साडूभाऊंच्या नजरेतून वीस फुटांवरून सुटलं नसतं. मी एका फुटावर होतो. पण मी शुद्धलेखन तपासत होतो. जी ओळ छापलीच नाही तिचं शुद्धलेखन कोणी कसं तपासावं?

'कृपया आहेर आणू नये' ही ती ओळ.

लग्न चांगलं झालं. चेअरमनसाहेब फेटा बांधून मुलाच्या पाठीशी उभे राहिले आणि मुलीच्या पाठीशी आमचा मेहुणा. त्याने कोणाचातरी कोट घातला होता आणि मंगलाष्टकं ऐकू येत नसल्यामुळे तो अक्षता एक कडवं उशिरा टाकत होता. आणि माणसं आहेर घेऊन आली. लूमवरची सगळी. एकही आजारी पडला नव्हता. कोणी स्टीलचा डबा, कोणी भिंतीवरचं घड्याळ, आणि साड्या. धुळे-शिरपूरकडच्या पाहुण्यांनी तिकडून विकत आणलेल्या निम्म्या साड्यांवर सुरतेच्याच मार्केटची लेबलं होती. दोन लेबलं तर साडूभाऊंच्याच दुकानात तयार झालेली होती. ते दाराशी हात जोडून उभे होते आणि प्रत्येक पिशवी आत जाताना त्यांचा चेहरा असा होत होता, की पाहुण्यांना वाटलं, मुलगी जाणार म्हणून बापाला भरून येतंय. तसंही असेल.

यानंतर त्यांनी जे केलं, त्यावरून मी त्यांच्याशी भांडलो आहे. त्यांनी शुद्धिपत्र छापलं. लग्न होऊन गेल्यावर, लग्नपत्रिकेचं. 'आमच्या मुलीच्या विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेतील शेवटची ओळ आमच्या नजरचुकीने छापावयाची राहिली. ती पुढीलप्रमाणे वाचावी.' आणि खाली ती ओळ. लोक याचा काय अर्थ लावतील, आहेर परत मागतात की परत देतात, असं मी कळकळीने विचारलं. ते म्हणाले, "चूक झाली की दुरुस्ती करायची. वाचणारा काय करतो ते वाचणाऱ्यानं बघावं." मला तणतणत पाकिटांत शुद्धिपत्राच्या घड्या भरायला बसावं लागलं. बेबीची खुर्ची मोकळी होती, तिच्यावर पाकिटांचा गठ्ठा ठेवला होता. सगळे पत्ते प्रिंटरवर काढलेले, सगळे एका मापाचे. शेवटी एक कोरं पाकीट उरलं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"बेबीला पण पाठवायला पाहिजे ना," ते म्हणाले. "आता तीही पाहुणीच."

त्या पाकिटावरचा पत्ता त्यांनी पेनाने लिहिला. नाव लिहिलं आणि आडनावाशी थांबले. मग नवं आडनाव लिहिलं, अक्षर जरा वाकडं आलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं.

शुद्धिपत्राला एकच उत्तर आलं, चेअरमनसाहेबांचं. सोसायटीच्या छापील कागदावर त्यांनी कळवलं होतं, की आपण आहेर आणलाच नव्हता, तेव्हा सदर दुरुस्ती आपणास लागू होत नाही.